सायकलवरचे यंत्र आणि आपली नाडी

मे महिन्यातली गोष्ट. सकाळी नऊला दवाखाना उघडून बसलो, तोच आमचे एक जुने रुग्ण दारात उभे. वय चोपन्न, मूळचे आपल्याच सातारा जिल्ह्यातले, गेली तीस वर्षे हिंदमाताच्या एका कापडाच्या पेढीवर हिशेब लिहितात. लग्नाचा बस्ता बांधायला आपल्याकडची मंडळी ज्या हिंदमाता बाजारात येतात, तोच हा भाग. माझा दवाखाना तिथल्याच एका गल्लीत आहे, हे नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे.

"डॉक्टरसाहेब, रात्रीपासून छातीत धडधडतंय. मघाशी पेढीचा जिना चढलो तर घाम फुटला आणि इथं आवळल्यासारखं झालं," असे म्हणून त्यांनी छातीच्या मधोमध मूठ ठेवली. नाडी पाहिली तर बसल्या जागी १०८. रक्तदाब १७० वर १०४. एरवी या माणसाची नाडी साठ-बासष्टच्या पुढे जात नाही. तीन वर्षांपूर्वी त्यांना हृदयविकाराचा सौम्य झटका येऊन गेला आहे, अँजिओप्लास्टी झाली आहे, आणि तेव्हापासून रोज चार गोळ्या चालू आहेत.

"गोळ्या घेताय ना?"

"सगळ्या घेतोय. ती एक छोटी तेवढी पाच दिवस बंद केलीय."

"कोणी सांगितलं बंद करायला?"

त्यांनी शर्टाच्या खिशातून काडेपेटीहून थोडे मोठे, काळे यंत्र काढून टेबलावर ठेवले. "कोणी नाही. पण ती गोळी घेतली की यातला आकडा वरच जात नाही हो."

इसीजी काढला. त्यात जुन्या कागदाशी ताडून पाहता फरक दिसत होता. अ‍ॅस्पिरिनची गोळी चावून खायला लावली, रुग्णवाहिका बोलावली आणि त्यांना परळच्या मोठ्या इस्पितळात पाठवले. सुदैवाने हृदयाच्या स्नायूला इजा झालेली नव्हती. बंद केलेली गोळी पुन्हा सुरू झाली आणि चौथ्या दिवशी ते घरी आले. पण थोडक्यात निभावले, हे त्यांना आणि मला दोघांनाही कळले होते.

ते यंत्र म्हणजे सायकलच्या हँडलवर लावायचा जीपीएस कॉम्प्युटर. मुंबईत पहाटे सायकल चालवणाऱ्यांकडे तो हल्ली सर्रास दिसतो. आता साताऱ्यात, कराडात, वाईतही मुले तो लावून घाट चढताना मी पाहिली आहेत. गार्मिन, वाहू, ब्राइटन अशा कंपन्यांची ही यंत्रे येतात. पुण्या-मुंबईतला मुलगा किंवा पुतण्या वडीलधाऱ्यांना वाढदिवसाला असे काही भेट देतो, आणि मग घरात ते कसे वापरायचे हे कुणाला नीट माहीत नसते. म्हणून आजचा लेख या यंत्रावर. यंत्र वाईट नाही. मी स्वतः ते दोन वर्षे वापरतो आहे. पण त्यातला कोणता आकडा मोजलेला असतो आणि कोणता अंदाजाने ठरवलेला, हे कळले नाही तर काय होते ते वर सांगितलेच.

आधी त्यातला भूगोल. जीपीएस म्हणजे अमेरिकेने आकाशात फिरत ठेवलेले उपग्रह. साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून ते दिवसाला पृथ्वीभोवती दोन फेऱ्या मारतात आणि सतत वेळेचा संदेश पाठवत असतात. आपले यंत्र किमान चार उपग्रहांचे संदेश ऐकते, प्रत्येक संदेश पोहोचायला किती वेळ लागला ते पाहते आणि त्यावरून आपण कुठे आहोत ते ठरवते. सुरुवातीला सामान्य लोकांसाठी हा संदेश मुद्दाम थोडा बिघडवून पाठवला जाई. मे २००० मध्ये अमेरिकेने ते थांबवले आणि मग ही यंत्रे सर्वसामान्यांच्या कामाची झाली. आता रशिया, युरोप, चीन यांचेही उपग्रह आहेत. आपल्या इस्रोनेही 'नाविक' नावाने अशी व्यवस्था उभी केली.

त्याआधी सायकलच्या काडीला छोटा लोहचुंबक लावून चाकाचे फेरे मोजणारी यंत्रे होती. चाकाचा परीघ त्यात भरायचा, साधारण दोन मीटर आणि वर दहा सेंटिमीटर, आणि फेऱ्यांनी गुणले की अंतर. साधे काम. मला विचाराल तर अंतर आणि वेग यांसाठी ती जुनी पद्धत आजही तितकीच चोख आहे.

मोकळ्या आकाशाखाली जीपीएस उत्तम चालते. यवतेश्वरच्या घाटात किंवा कासच्या वाटेवर त्याची काही तक्रार नसते. आमच्या हिंदमाताला मात्र त्याची फजिती होते. गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले लालबाग-परळचे उंच मनोरे उपग्रहाचा संदेश परतवून लावतात आणि यंत्राला वाटते आपण शेजारच्या गल्लीतून चाललो आहोत. उड्डाणपुलाखालून गेलात तर आकाशच दिसत नाही. पुलावरून गेलात की पुलाखालून, हेही त्याला नेहमी कळत नाही. उंचीचा आकडा तर आणखी कच्चा. चांगल्या यंत्रांत हवेचा दाब मोजून उंची काढतात, पण पावसाचे ढग दाटून दाब उतरला की यंत्राला वाटते आपण चढ चढलो. हिंदमाता हा बशीच्या तळासारखा सखल भाग, पाणी तुंबण्यासाठी प्रसिद्ध. एका जूनच्या सकाळी मी सिग्नलला उभा होतो आणि माझे यंत्र मला डोंगरावर चढवत होते!

ही झाली गमतीची चूक. तिने कुणाचे नुकसान होत नाही. नुकसान होते ते नाडीच्या आकड्याने, आणि आजचा मुख्य विषय तोच आहे.

यंत्रासोबत छातीला बांधायचा एक पट्टा मिळतो, किंवा वेगळा घ्यावा लागतो. हृदय दर ठोक्याला जी सूक्ष्म वीज निर्माण करते ती हा पट्टा टिपतो आणि बिनतारी पद्धतीने हँडलवरच्या यंत्राला कळवतो. म्हणजे इसीजीचाच धाकटा भाऊ. पट्टा नीट ओला करून घट्ट बांधला तर त्याचा आकडा विश्वासाचा असतो. मनगटी घड्याळातला हिरवा दिवा कातडीखालच्या रक्ताची हालचाल पाहून नाडी काढतो. खुर्चीत बसल्यावर तो ठीक काम करतो, पण सायकलचा हादरा आणि मुठीची पकड यांत तो अनेकदा गोंधळतो. तेव्हा व्यायामासाठी पट्टा बरा.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. पट्टा कोरडा असताना पहिली पाच मिनिटे १८०, २१० असे भलते आकडे दिसतात. घाबरू नका, पट्टा ओला करा. पण पट्टा ओला आहे, तुम्ही शांत बसला आहात आणि तरी आकडा ७०, ११०, ८०, १३० असा उड्या मारतो आहे, तर मनगटावर बोट ठेवून नाडी पाहा. तीही बेताल लागली तर डॉक्टरांकडे जाऊन इसीजी काढा. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडण्याचा एक आजार असतो. त्यात रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो, आणि अनेकांना त्याची काहीच जाणीव नसते.

तर नाडी मोजणे यंत्राला जमते. पण पुढे ते त्या नाडीचा अर्थ लावते आणि तिथे घोटाळा होतो. यंत्राच्या पडद्यावर पाच रंगांचे पाच भाग असतात, मुले त्याला 'झोन' म्हणतात. पहिला अगदी हलका, पाचवा जीव काढणारा. हे भाग तुमच्या हृदयाच्या कमाल ठोक्यांवरून पाडलेले असतात. आणि तुमचे कमाल ठोके यंत्राला कुठून माहीत? त्याने ते मोजलेले नसतात. २२० मधून वय वजा करून ते बसवलेले असतात, इतकेच.

हे २२० चे सूत्र १९७१ सालापासून वैद्यकीय लेखनात फिरते आहे. त्यामागे नेटका असा स्वतंत्र प्रयोग नव्हता; निरनिराळ्या लोकांवरची माहिती एकत्र करून काढलेली ती ढोबळ रेघ होती. २००१ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी अधिक माहिती तपासून २०८ वजा वयाच्या सात दशांश असे सुधारलेले सूत्र दिले. तरीही माणसागणिक दहा-बारा ठोक्यांचा फरक अगदी सामान्य आहे आणि काहींत तो वीसच्या घरात जातो. पन्नाशीच्या दोन निरोगी माणसांत एकाचे कमाल ठोके १५५ आणि दुसऱ्याचे १८५ असू शकतात. दोघांना एकच पट्टी लावली तर एकाची दमछाक होणार आणि दुसरा म्हणणार, मला तर काहीच वाटले नाही. सदऱ्याचे माप सरासरीवरून शिवत नाहीत, तसेच हे.

आमच्या हिशेबनिसांच्या बाबतीत तर आणखी एक भर होती. इस्पितळातून आल्यावर मी ते यंत्र उघडून पाहिले. मुलाने आधी ते स्वतः वापरले होते आणि त्यात वय तसेच राहिले होते, अठ्ठावीस! म्हणजे यंत्राच्या हिशेबी यांचे कमाल ठोके १९२, आणि तिसरा भाग १३४ ते १५४. त्यांच्या खऱ्या वयाने तो ११६ ते १३३ असा आला असता. पहाटेच्या मंडळीतल्या कुणीतरी त्यांना सांगितले होते की तिसऱ्या भागात गेल्याशिवाय हृदयाला व्यायाम होत नाही. बिचारे रोज जीव खाऊन पायडल मारत आणि आकडा १०५-११० ला अडकून बसे. तीस वर्षे हिशेब जुळवण्यात गेलेला माणूस. त्यांनी विचार केला, गोळीच्या पाकिटावर लिहिले आहे नाडी कमी करते, म्हणजे अडचण गोळीची आहे.

ती गोळी होती मेटोप्रोलॉल. अ‍ॅटेनोलॉल, बिसोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल ही तिचीच भावंडे. या वर्गाला बीटा ब्लॉकर म्हणतात. सर जेम्स ब्लॅक या स्कॉटिश वैज्ञानिकाने १९६० च्या दशकात हे औषध आणले आणि १९८८ साली त्यांना नोबेल मिळाले. अ‍ॅड्रिनलिन या संप्रेरकाचा हुकूम हृदयापर्यंत पोहोचू न देणे हे तिचे काम. चढ आला, राग आला, भीती वाटली, की अ‍ॅड्रिनलिन हृदयाला म्हणते 'पळ'. गोळी मध्ये उभी राहते. त्यामुळे हृदयाचे काम हलके होते, त्याला प्राणवायू कमी लागतो, आणि अरुंद झालेल्या रक्तवाहिनीतून येणारे रक्तही पुरते. म्हणजे आकडा वर न जाणे हे गोळी काम करत असल्याचे लक्षण होते. जे औषधाचे यश, ते त्यांना औषधाचा दोष वाटले.

आणि ही गोळी एकदम बंद करण्यात विशेष धोका असतो. अनेक महिने हुकूम दबका येत असल्याने हृदय आपले कान वाढवून ठेवते. शरीरशास्त्राच्या भाषेत ग्रहण करणाऱ्या जागांची संख्या वाढते. एका दिवसात गोळी गेली की तोच साधा हुकूम त्या वाढलेल्या कानांना आरडाओरडीसारखा ऐकू येतो. नाडी आणि रक्तदाब उसळतात, छातीत दुखू लागते, झटकाही येऊ शकतो. म्हणून ती कधी बंद करायचीच झाली तर डॉक्टर आठवडा-दोन आठवडे मात्रा उतरवत नेतात. रक्तदाब, हृदयविकार, अर्धशिशी, हाताची थरथर, थायरॉइड अशा कितीतरी कारणांसाठी ही गोळी दिलेली असते. आपल्या पाकिटातल्या नावाच्या शेवटी 'लॉल' असेल तर वयाचे सूत्र तुमच्यासाठी नाही, एवढे लक्षात ठेवा. आणि नाव बदलले, कंपनी बदलली म्हणून गोंधळ झाला असेल तर पाकीट घेऊन दवाखान्यात जा. विचारण्याचे पैसे आम्ही घेत नाही!

डिल्टियाझेम, व्हेरापामिल या गोळ्याही नाडी उतरवतात. उलट दम्याचा पंप, थायरॉइडच्या गोळीची जास्त झालेली मात्रा, कडक चहा, कमी झोप, अंगातली कसर यांनी ती चढते.

मग नाडीवर व्यायाम करायचा कसा? ज्यांना हृदयाचा आजार नाही, वर सांगितलेल्या गोळ्या नाहीत, अशांसाठी एक बऱ्यापैकी रीत आहे. फिनलंडमधल्या कार्व्होनेन यांनी ती १९५७ साली मांडली. सकाळी जाग आल्यावर, अंथरुणातून उठण्यापूर्वी, पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. असे चार-पाच दिवस करून सरासरी काढा. समजा वय ४५ आणि पहाटेची नाडी ७०. सूत्राने कमाल १७५. दोघांतले अंतर १०५, ही तुमची शिल्लक. मध्यम व्यायामासाठी या शिल्लकेचा चाळीस ते साठ टक्के भाग खर्च करायचा आणि तो पहाटेच्या नाडीत मिळवायचा. म्हणजे ११२ ते १३३. या मर्यादेत आठवड्याला १५० मिनिटे सायकल झाली तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीतली किमान गरज भागते. तीनशे मिनिटे झाली तर उत्तमच.

पण या आकड्याला साक्षीदार म्हणून एक बिनखर्चाची परीक्षा जोडा. सायकल चालवता चालवता शेजारच्याशी बोला. पूर्ण वाक्ये सहज बोलता येतात पण गाणे म्हणता येत नाही, तर तुम्ही मध्यम श्रमात आहात. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तर श्रम जड आहेत. यंत्र काहीही म्हणो, बोलणे तुटत असेल तर मी बोलण्यावर विश्वास ठेवतो. स्वीडनच्या बोर्ग यांनी तर 'किती दम लागला' हे माणसाने स्वतःच सहा ते वीस अशा आकड्यांत सांगावे अशी पट्टी बनवली आणि ती जगभर हृदयरोग्यांच्या व्यायामात वापरली जाते.

आठवड्यातले बहुतेक दिवस असेच बोलत-बोलत चालवायचे. नव्या माणसाची चूक नेमकी इथे होते. यंत्र कालचा वेग दाखवते, आज त्याहून जास्त हवा असतो. महिनाभरात गुडघा दुखतो किंवा कंटाळा येतो आणि सायकल जिन्याखाली जाते. नागपूरचे डॉ. अमित समर्थ आणि तेव्हा नाशिकला असलेले सैन्यदलातील डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी २०१७ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत सुमारे ४८०० किलोमीटरची शर्यत प्रत्येकी एकट्याने, बारा दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. त्याआधी कोणा भारतीयाला ती एकट्याने पूर्ण करता आली नव्हती. इतक्या लांबच्या पल्ल्यात पहिल्या दिवशी नाडी उधळून चालत नाही, ती दाबून ठेवावी लागते. या लोकांना यंत्र मुख्यतः त्यासाठी लागते. हळू जा, असे सांगायला.

उकाड्याबद्दल दोन शब्द. मे महिन्यात मी हिंदमाताहून भल्या पहाटे निघतो. लालबाग, भायखळा, क्रॉफर्ड मार्केट, मरीन ड्राइव्ह, नरिमन पॉइंट आणि परत, वीस-बावीस किलोमीटर होतात. जाताना ज्या वेगाला नाडी १२० असते, त्याच वेगाला परतताना ती १३२ दिसते. मी थकलेलो नसतो. घामाने रक्तातले पाणी कमी होते, शरीर थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळते, आणि तेवढेच काम करायला हृदयाला ठोके वाढवावे लागतात. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून हे जास्त होते. अशा वेळी वेग धरून ठेवू नका, नाडी धरून ठेवा. वेग आपोआप उतरेल, उतरू द्या. आणि सायकलीला पाण्याची बाटली लावा. मधुमेहावर इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी खिशात साखरेच्या चार पुड्या ठेवाव्यात. थरथर, गार घाम, डोळ्यांपुढे अंधारी आली की उतरा आणि आधी साखर खा.

यंत्र किती कॅलरी जळल्या तेही दाखवते. हा आकडा पूर्णपणे अंदाज आहे आणि बहुधा उदार अंदाज. आमच्या मंडळीत पाचशे कॅलरीचा आकडा दाखवून दोन वडापाव आणि वर गोड चहा घेणारे आहेत. एका वडापावाचे तीनशेच्या आसपास होतात. हिशेब वाचकांनीच करावा.

पायांचे फेरे मोजण्याची सोय असेल तर ती मात्र जरूर वापरा. मिनिटाला साठाच्या खाली, जड गिअरवर, दात-ओठ खाऊन पायडल मारणाऱ्यांचे गुडघे दुखतात. गिअर हलका करून फेरे पंच्याहत्तर-ऐंशीच्या पुढे नेले की वाटीमागचा ताण कमी होतो. सीट फार खाली असेल तरीही तेच दुखणे होते. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी ती उंच हवी. माझ्याकडे गुडघे घेऊन आलेल्या निम्म्या सायकलस्वारांना मी गोळीऐवजी सायकल घेऊन बोलावतो.

पावसाळ्यातले एक सांगितलेच पाहिजे. हिंदमाताला पाणी तुंबते हे साऱ्या महाराष्ट्राने दूरदर्शनवर पाहिले आहे. २०२१ पासून पालिकेने दादर-परळ भागात मैदानांखाली पाणी साठवण्याच्या मोठ्या टाक्या बांधल्या, त्यामुळे पाणी पूर्वीपेक्षा लवकर ओसरते. पण तुंबलेल्या पाण्यात सायकल घालू नका. यंत्राच्या नकाशात रस्ता दिसतो, उघडे गटार दिसत नाही. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईचे नामांकित पोटविकारतज्ज्ञ डॉ. दीपक अमरापूरकर इथून जवळच, प्रभादेवी परिसरात, उघड्या मॅनहोलमध्ये पडून गेले. आम्हा डॉक्टरांना तो दिवस विसरता येत नाही. दुसरे म्हणजे त्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते. पायाला खरचटलेले असेल तर लेप्टोस्पायरोसिसचे जंतू तिथून शिरतात. अशा पाण्यातून जावेच लागले तर पाय साबणाने धुवा आणि तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्या. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, डोळे लाल होणे, पोटऱ्या दुखणे यांपैकी काही झाले तर पाण्यातून गेल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगा. हा रोग आता फक्त मुंबईचा राहिलेला नाही, भातखाचरांतही तो होतो.

तापात आणि ताप गेल्यावर निदान आठवडाभर सायकल नको. काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतात. इथे यंत्राचा खरा उपयोग होतो. पहाटेची नाडी नेहमीपेक्षा आठ-दहाने चढलेली असेल, तर शरीर अजून पूर्ववत झालेले नाही असे समजून तो दिवस सोडून द्या.

आता पुन्हा आमच्या हिशेबनिसांकडे. दीड महिन्याने, गोळ्या चालू ठेवूनच, त्यांची पट्ट्यावर चालण्याची स्ट्रेस टेस्ट झाली. गोळी घेऊन त्यांची नाडी १२८ पर्यंत गेली, तोवर छातीत दुखले नाही आणि इसीजीही बदलला नाही. म्हणजे त्यांचे कमाल ठोके १२८. यंत्राला काय वाटते याला महत्त्व नाही. बसल्या वेळची नाडी ६२. त्यावरून हृदयरोगतज्ज्ञांच्या संमतीने ८८ ते १०५ ही मर्यादा ठरली. मी यंत्रात त्यांचे खरे वय घातले, वजन घातले, कमाल नाडी हाताने १२८ लिहिली. बहुतेक यंत्रांत हा आकडा हाताने बदलता येतो, हे अनेकांना माहीत नसते. नाडी ११० च्या वर गेली की शिट्टी वाजेल अशी सोय केली. पडद्यावरून वेगाचा आकडा काढून टाकला. फक्त वेळ आणि नाडी, दोनच आकडे ठेवले. काही यंत्रे सायकल पडली तर मोबाइलवरून घरच्यांना ठावठिकाणा कळवतात, तेही चालू केले आणि त्यात पत्नीचा नंबर घातला. मुलाचा होता, तो पुण्याला.

रंगीत पट्ट्यांत ते आता नेमके तिसऱ्या-चौथ्या भागात दिसतात, याचा त्यांना झालेला आनंद काय वर्णावा. नाडी तीच, गोळी तीच.

मागच्या रविवारी ते दवाखान्यात येऊन बसले. गावच्या यात्रेला जायचे आहे, सायकल टेम्पोत टाकून नेणार आहेत. "यवतेश्वरचा घाट चढू का?" म्हणाले. मी म्हटले, दिवाळीनंतर पुन्हा स्ट्रेस टेस्ट आहे, तो कागद आधी दाखवा. तोवर सपाटीवर साताऱ्यातून कोरेगावच्या रस्त्याने हवे तेवढे फिरा.

"आणि घाटाच्या पायथ्याला नुसतं जाऊन आलो, आणि शिट्टी वाजली तर?"

"तर उतरायचं आणि सायकल हातात धरून चालायचं."

"लोक हसतील हो."

मी त्यांचा मे महिन्यातला इसीजी फायलीतून काढून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला, मग यंत्र पुन्हा खिशात घातले आणि मेटोप्रोलॉलची पुढच्या महिन्याची चिठ्ठी मागितली.